लॉगचा पूर: स्प्रिंग बूटमध्ये गाळणी नक्की कुठे लावायची?

गोदाकाठ
जावाचं अॅप स्प्रिंग बूट ३ वर, लॉग लिहायला सोबत येतो तोच लॉगबॅक, सगळं कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणारी यंत्रणा). एका सर्व्हिसचे लॉग इतके वाहतात की कामाची ओळ शोधताना नाकी नऊ येतात. तीन प्रश्न आहेत.

१. रूट लॉगरची, म्हणजे सगळ्यात वरच्या लॉगरची, पातळी वॉर्न केली (ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर या चढत्या क्रमातली), तरी हायबरनेट या डेटाबेसच्या लायब्ररीच्या एसक्यूएल ओळी येतातच. का?
२. काही ओळी दोनदा उमटतात. सगळ्या नाही, काहीच.
३. नको असलेलं अॅप्लिकेशनमध्येच अडवावं, की सगळं बाहेर सोडून लॉग गोळा करणाऱ्या एजंटकडे गाळावं? टीममध्ये दोन तट पडलेत.

कोनी कंस टाकले की इथला एडिटर मजकूर गिळतो, त्यामुळे एक्सएमएल शब्दांतच सांगा.

नल_पॉइंटर
पहिल्याचं उत्तर: स्प्रिंग.जेपीए.शो-एसक्यूएल ट्रू आहे का बघा. ते सेटिंग लॉगरकडे जातच नाही, थेट स्टँडर्ड आउटपुटवर छापतं. पातळी काहीही ठेवा, त्याला फरक पडत नाही. ओळीला वेळ, थ्रेड, लॉगरचं नाव यातलं काहीच नसेल आणि नुसतं 'हायबरनेट:' ने सुरू होत असेल तर तेच.

बटाटेवडा
आमच्याकडे सोपं आहे. सगळं एरर पातळीवर लिहितात. 'ऑर्डर यशस्वी' सुद्धा एरर. साहेबांना डॅशबोर्डवर दिसलं पाहिजे ना.

थ्रेडपूल
नल_पॉइंटर यांचं बरोबर आहे, पण शो-एसक्यूएल बंद असूनही ओळी आल्या तर कारण वेगळं असतं. लॉगबॅकमधली वारसाहक्काची पद्धत बऱ्याच जणांनी उलटी समजून घेतलेली असते, म्हणून सविस्तर लिहितो.

लॉगरची नावं टिंबांनी जोडलेली, म्हणजे उतरंड. ज्या लॉगरला स्वतःची पातळी दिलेली नाही तो वरच्या सगळ्यात जवळच्या पूर्वजाची घेतो. ओआरजी.हायबरनेट.एसक्यूएल (शेवटचा शब्द कॅपिटल) याला कुणी कुठल्या तरी प्रोफाइलच्या फाइलमध्ये डीबग दिलं असेल, तर रूटला वॉर्न करून काहीही होणार नाही. रूटची पातळी ही फक्त ज्यांनी स्वतः काही ठरवलेलं नाही त्यांच्यासाठी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. संदेश ज्या लॉगरवर आला त्याच्या पातळीची तपासणी एकदाच होते. ती पार झाली की संदेश त्या लॉगरच्या अपेंडरकडे (ओळ प्रत्यक्ष कन्सोलवर किंवा फाइलमध्ये लिहिणारा भाग), मग पूर्वजाच्या, मग रूटच्या अपेंडरकडे जातो, आणि या प्रवासात पूर्वजांची पातळी कुणी विचारत नाही. म्हणजे रूट वॉर्नवर असला तरी मुलाचा डीबग संदेश रूटच्या कन्सोलवर छापला जातो. हा बग नाही, रचनाच तशी आहे. अपेंडरवरच अडवायचं असेल तर अपेंडरच्या आत थ्रेशोल्डफिल्टर (दिलेल्या पातळीखालचं अडवणारा) लावावा लागतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. रूटला कन्सोल अपेंडर जोडला आहे आणि कुणीतरी आपल्या पॅकेजच्या लॉगरलाही तोच जोडला आहे. संदेश आधी पॅकेजच्या अपेंडरला, मग रूटच्या. दोनदा. 'काहीच ओळी' म्हणालात, त्यावरून ते एकाच पॅकेजचं असणार. उपाय दोन: पॅकेजच्या लॉगरवरून अपेंडरचा उल्लेख काढून फक्त पातळी ठेवा, किंवा त्या लॉगरवर अॅडिटिव्हिटी (संदेश पूर्वजांच्या अपेंडरकडेही जाणं) फॉल्स करा. पहिला बरा. दुसऱ्यात, उद्या रूटला नवीन अपेंडर जोडला की या पॅकेजचे लॉग तिथे जात नाहीत आणि ते कुणाच्या लवकर ध्यानात येत नाही.

सर्व्हरमामा
दुहेरी ओळींचं आणखी एक कारण: अॅप कन्सोलवरही लिहितं आणि फाइलमध्येही, आणि एजंट दोन्ही उचलतो. कंटेनरमध्ये फाइल अपेंडर ठेवूच नका. कन्सोल पुरे.

अतिशहाणी
आणि तिसरं, अपवाद पकडून लॉग करायचा आणि परत वर फेकायचा. रिपॉझिटरी लॉग करते, सर्व्हिस लॉग करते, कंट्रोलर अॅडव्हाइस लॉग करतो. एकाच चुकीचा स्टॅक ट्रेस तीनदा. ही ओळ 'दुहेरी' दिसत नाही कारण लॉगरचं नाव वेगळं असतं, पण जागा सगळ्यात जास्त तीच खाते. लॉग करा किंवा फेका, दोन्ही नको. जिथे अपवाद शेवटी संपतो तिथे एकदाच लिहा.

स्टॅक ट्रेसवरून आठवलं. लॉग.एरर मध्ये अपवादाचा फक्त गेटमेसेज कंसात टाकणारे अजून भेटतात. नल पॉइंटरच्या बाबतीत तो संदेश अनेकदा कामाचा नसतो, आणि ट्रेस तर गेलाच. अपवाद हा शेवटचा आर्ग्युमेंट म्हणून तसाच द्या, त्याच्यासाठी महिरपी कंसांची जोडी ठेवू नका. एसएलएफ४जे, म्हणजे आपण कोडमधून वापरतो तो लॉगिंगचा इंटरफेस, तो ओळखून पूर्ण ट्रेस छापतं.

नल_पॉइंटर
माझं नाव का घेता हो. पण त्यात भर: ट्रेस बरोबर दिलेला असूनही काही वेळाने नुसतं अपवादाचं नाव येतं, खाली एकही ओळ नाही. तो लॉगबॅकचा दोष नाही. तोच अपवाद तापलेल्या कोडमधून वारंवार येत राहिला की हॉटस्पॉट कंपायलर ट्रेस भरणंच सोडून देतो. जेव्हीएमला 'ओमिट-स्टॅकट्रेस-इन-फास्ट-थ्रो' हा पर्याय वजा चिन्हाने बंद करून द्या. किंवा लॉगमध्ये मागे जाऊन पहिली नोंद शोधा, तिथे ट्रेस असतो.

मुळशीकर
तिसऱ्या प्रश्नावर कुणीच बोलत नाहीये. माझं मत सरळ आहे: अॅपमध्ये गाळू नका. इन्फो पातळीवर सगळं बाहेर सोडा आणि फ्लुएंट बिट किंवा तत्सम एजंटमध्ये नियम लावा. कारण अॅपमधला नियम बदलायचा तर बिल्ड, डिप्लॉय, मंजुरी. एजंटचा नियम इन्फ्राची टीम दुपारी बदलते, संध्याकाळी लागू. शिवाय पंधरा सर्व्हिसमध्ये पंधरा प्रकारच्या एक्सएमएल फाइली सांभाळण्यापेक्षा एक जागा बरी.

थ्रेडपूल
मुळशीकर, असहमत. एजंटपर्यंत पोचेस्तोवर खर्च होऊन गेलेला असतो. संदेश बनला, स्ट्रिंग जुळली, पाइपमध्ये गेली, नोडच्या डिस्कवर लिहिली, एजंटने वाचून पार्स केली, आणि मग तुम्ही फेकून दिली. लॉगरची पातळी बंद असते तेव्हा यातलं काहीच होत नाही.

आणि बिल्डची गरजही नसते. अॅक्च्युएटरचा (चालू अॅप तपासायची स्प्रिंग बूटमधली सोय) लॉगर्स एंडपॉइंट उघडा, लॉगरच्या नावावर पोस्ट करा, आत 'कॉन्फिगर्डलेव्हल' ला हवी ती पातळी. बदल तत्क्षणी लागू. परत मूळ जागी आणायचं तर त्याच किल्लीला नल पाठवा, म्हणजे तो पुन्हा पूर्वजाची पातळी घेतो. दोन अडचणी मात्र आहेत. हा बदल त्या एकाच पॉडपुरता (अॅपची एक चालू प्रत) असतो, सर्व्हिसच्या पत्त्यावर पोस्ट केलं तर कुठल्या पॉडला लागलं ते कळत नाही, म्हणून थेट पॉडला पोर्ट-फॉरवर्ड करा. आणि पॉड पुन्हा सुरू झाला की बदल गेला.

अतिशहाणी
तो एंडपॉइंट उघडताना डोळे उघडे ठेवा. मुळात एचटीटीपीवर फक्त हेल्थ उघडा असतो, बाकीचे आपण उघडतो. 'एक्सपोजर.इन्क्लूड' ला तारा टाकून मोकळे होणारे एन्व्हायर्नमेंट आणि, बूट ३.५ च्या आधीच्या आवृत्तींत, हीपडंपही (मेमरीची पूर्ण प्रत) जगाला वाटतात. मॅनेजमेंटसाठी वेगळा पोर्ट द्या आणि तो इनग्रेसमधून (क्लस्टरचं बाहेरचं दार) बाहेर जाऊ देऊ नका.

सर्व्हरमामा
एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने पातळी बदलायचा सोपा मार्ग कुणी सुचवायच्या आत त्यातली खोच सांगतो. 'लॉगिंग लेव्हल' आणि पुढे पॅकेज, सगळं अंडरस्कोरने. पॅकेजला चालतं. एकट्या क्लासला चालत नाही, कारण स्प्रिंग ते नाव वाचताना सगळं लहान लिपीत करतं आणि लॉगबॅकला लहान-मोठं अक्षर वेगळं. हायबरनेटच्या त्या कॅपिटल एसक्यूएलला म्हणूनच हा मार्ग लागू पडत नाही, कुठलीही चूक दाखवत नाही, नुसतं काहीच होत नाही. स्प्रिंगमध्ये 'एसक्यूएल' आणि 'वेब' असे दोन तयार गट आहेत. गटाच्या नावाने द्या, चालतं. नाहीतर स्प्रिंग अॅप्लिकेशन जेसन हे व्हेरिएबल वापरा, त्यात अक्षरं जशीच्या तशी राहतात.

बटाटेवडा
मामा, 'काहीच होत नाही आणि चूकही दाखवत नाही' हे तर आमच्या एचआर पोर्टलचं वर्णन झालं.

गोदाकाठ
शो-एसक्यूएल खरंच एका सामाईक यामल फाइलमध्ये ट्रू होतं. काढलं. दुहेरी ओळींचंही थ्रेडपूल म्हणाले तसंच निघालं.

आता उरलेला आवाज असा: पेमेंट गेटवे बसला की तोच वॉर्न शेकडोंनी येतो, आणि हेल्थ चेकच्या अॅक्सेस ओळी. मी लेव्हलफिल्टर लावून पाहिला, काहीच फरक पडला नाही. पातळी वॉर्न दिली होती.

थ्रेडपूल
लेव्हलफिल्टरला नुसती पातळी देऊन भागत नाही. ऑनमॅच आणि ऑनमिसमॅच ही दोन्ही मुळात न्यूट्रल असतात, म्हणजे 'माझं काही मत नाही, पुढच्याला विचारा'. दोन्ही न्यूट्रल असतील तर फिल्टर असून नसल्यासारखा. फक्त वॉर्न हवं असेल तर ऑनमॅच अॅक्सेप्ट, ऑनमिसमॅच डिनाय. वॉर्न आणि त्यावरचं हवं असेल तर थ्रेशोल्डफिल्टर, त्याला एवढी एक पातळी दिली की पुरते. क्रमही लक्षात ठेवा: आधीच्या फिल्टरने अॅक्सेप्ट म्हटलं तर पुढच्यांना कुणी विचारत नाही.

हेल्थ चेकचं गणित बघा. कुबरनेटिसचा प्रोब मुळात दर १० सेकंदांनी येतो, म्हणजे एका प्रोबच्या दिवसाला ८,६४० ओळी. लाइव्हनेस आणि रेडिनेस मिळून १७,२८०, तेही एका पॉडच्या. या टॉमकॅटच्या अॅक्सेस लॉगच्या ओळी, लॉगबॅकचा त्यांच्याशी संबंध नाही, म्हणून तिथले फिल्टर लागू पडणार नाहीत. टॉमकॅटच्या अॅक्सेस लॉगला 'कंडिशन-अनलेस' असं सेटिंग आहे. त्यात एक नाव द्या, आणि छोट्याशा सर्व्हलेट फिल्टरमध्ये पाथ अॅक्च्युएटर हेल्थचा असेल तर रिक्वेस्टवर त्याच नावाचा अॅट्रिब्यूट लावा. अॅट्रिब्यूट असला की ओळ लिहिली जात नाही.

नल_पॉइंटर
पुनरावृत्तीसाठी टर्बोफिल्टर आहे की. डुप्लिकेटमेसेजफिल्टर. अलाउडरिपिटिशन्स मुळात ५.

थ्रेडपूल
आहे, पण जपून. टर्बोफिल्टर अपेंडरला नाही, पूर्ण कॉन्टेक्स्टला लागतो, आणि इव्हेंट बनायच्या आधी चालतो. वेगासाठी उत्तम. हा जो डुप्लिकेटवाला आहे तो महिरपी कंस भरायच्या आधीचा कच्चा संदेश तपासतो. 'ऑर्डर अमुक फेल झाली' यात ऑर्डर क्रमांक वेगळा असला तरी त्याच्या लेखी सगळे एकच. पाच-सहा ऑर्डरनंतर बाकीच्या गायब. शिवाय त्याला वेळेचं भान नाही. संदेश त्याच्या कॅशमधून, मुळात १०० नोंदींच्या, बाहेर पडेपर्यंत दाबलेलाच राहतो. सकाळी गेटवे बसला, दुपारी पुन्हा बसला, तर दुपारचं कळेलच असं नाही.

गेटवेसाठी खरा उपाय लॉगमध्ये नाहीच. सर्किट ब्रेकर (कॉल सतत पडू लागले की ते काही काळ थांबवणारा) लावा आणि वॉर्न फक्त स्थिती बदलताना लिहा: उघडला, अर्धा उघडला, बंद झाला. किती कॉल पडले तो आकडा मायक्रोमीटर या मेट्रिक्सच्या लायब्ररीच्या काउंटरमध्ये. मोजायच्या गोष्टी लॉगमध्ये लिहिल्या की पूर येणारच.

अतिशहाणी
+१. आणि नेटवर जुन्या उत्तरांत जॅनिनोचा इव्हॅल्युएटर वापरून एक्सएमएलमध्येच जावाची अट लिहायची युक्ती सापडेल. ती नको. सीव्हीई-२०२४-१२७९८ या सुरक्षा-त्रुटीनंतर लॉगबॅक १.५.१३ मधून तो भाग काढूनच टाकलाय. स्वतःची अट हवी असेल तर लॉगबॅकच्या फिल्टर क्लासला एक्स्टेंड करून डिसाइड मेथड लिहा. दहा ओळींचं काम, आणि त्याची युनिट टेस्टही होते.

मुळशीकर
थ्रेडपूल यांचा खर्चाचा मुद्दा मान्य, पण तो एसिंक अपेंडर (ओळी रांगेत ठेवून वेगळ्या थ्रेडवरून लिहिणारा) लावला की बराच कमी होतो.

सर्व्हरमामा
एसिंक लावाल तर ओळी हरवतात हे आधी माहीत असू द्या. रांग मुळात २५६ ची. रिकामी जागा २० टक्क्यांच्या खाली गेली की ट्रेस, डीबग, इन्फो गुपचूप टाकून दिले जातात, वॉर्न आणि एरर राहतात. म्हणजे गडबड सुरू असते, रांग भरते, आणि नेमक्या त्याच वेळच्या इन्फो ओळी नसतात. डिस्कार्डिंगथ्रेशोल्ड शून्य करा, मग काही टाकत नाही, पण रांग पूर्ण भरली की रिक्वेस्टचा थ्रेड थांबून राहतो. नेव्हरब्लॉक ट्रू केलंत तर थांबत नाही, पण मग एररसुद्धा जातो. तिन्ही एकदम मिळत नाहीत, काय सोडायचं ते ठरवा. आमच्याकडे रांग वाढवून थ्रेशोल्ड शून्य.

आणि पॅटर्नमध्ये लाइन नंबर, मेथडचं नाव ठेवू नका. प्रत्येक ओळीला स्टॅक चालत जावं लागतं. एसिंकमध्ये तर इन्क्लूड कॉलर डेटा चालू केल्याशिवाय तिथे प्रश्नचिन्हच येतं.

बे_एरियाकर
जरा अवांतर. कंटेनर यूटीसीवर, डेव्हलपर पुण्यात, ऑन-कॉल माणूस इकडे. बूट ३ मध्ये मूळ पॅटर्नच ऑफसेटसकट वेळ छापतो, पण बरेच जण जुना स्वतःचा पॅटर्न तसाच पुढे ओढतात आणि ऑफसेट गळतो. मग साडेपाच तासांचा घोळ. लॉग यूटीसीतच ठेवा, ऑफसेट छापा, रूपांतर बघणाऱ्याच्या पडद्यावर करा.

अतिशहाणी
अवांतर नाही ते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायला सांगितलंय. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस सांभाळायची अट आहे. आता याच्या शेजारी क्यूबलेटचं (प्रत्येक नोडवर कंटेनर सांभाळणारा कुबरनेटिसचा भाग) मूळ सेटिंग ठेवा: एका कंटेनरला १० एमबीच्या ५ फाइली. ५० एमबी भरले की जुनं गेलं. म्हणून मुळशीकरांचा एजंट लागतोच, फक्त गाळण्यासाठी नाही, बाहेर नेऊन साठवण्यासाठी.

आणि १८० दिवस साठवायचं म्हणजे त्यात काय साठतंय तेही बघा. आधार, पॅन, ओटीपी, टोकन. पॅटर्नमध्ये रिप्लेस वापरून सलग १२ आकडे झाकता येतात, पण त्यात १२ आकडी ऑर्डर क्रमांकही झाकला जातो आणि चार-चारच्या गटात लिहिलेला आधार सुटतो. ती शेवटची जाळी समजा. मूळ काम म्हणजे पूर्ण रिक्वेस्ट ऑब्जेक्ट लॉगला देऊ नका, आणि लॉम्बॉकच्या टूस्ट्रिंगमधून ती फील्डं वगळा. हायबरनेट ६ ची बाइंड व्हॅल्यू (क्वेरीत भरलेल्या प्रत्यक्ष किमती), म्हणजे ओआरजी.हायबरनेट.ओआरएम.जेडीबीसी.बाइंड ट्रेसवर, प्रॉडक्शनला कधीही नाही. ग्राहकाची सगळी माहिती त्यात उघडी असते.

बटाटेवडा
ओटीपी लॉगमध्ये नसेल तर टेस्टिंगवाल्यांनी काय करायचं?

अतिशहाणी
बटाटेवडा, तुमचा पॅन क्रमांक इथे टाका, मग बोलू.

गोदाकाठ
तिसऱ्या प्रश्नावर एवढं ठरवलं: लायब्ररीचे लॉगर वॉर्नवर, आमचं पॅकेज इन्फोवर, दोन्ही अॅपमध्येच. मोजायचं ते मेट्रिक्समध्ये. एजंटकडे साठवण, आणि अगदीच घाईचा नियम. पुनरावृत्तीच्या टर्बोफिल्टरला हात लावत नाही.

शेवटचं एक. एकाच ग्राहकाची तक्रार असते आणि फक्त त्याच्या रिक्वेस्टचा डीबग हवा असतो. पूर्ण पॅकेज डीबगवर नेलं की पुन्हा पूर. मार्ग आहे?

थ्रेडपूल
आहे, आणि तो टर्बोफिल्टरच आहे, पण वेगळा. एमडीसीफिल्टर. एमडीसी म्हणजे चालू थ्रेडला चिकटवलेल्या किल्ली-किंमत नोंदी. रिक्वेस्ट आत येताच सर्व्हलेट फिल्टरमध्ये ठरावीक हेडर आहे का बघा, असेल तर एमडीसीमध्ये 'ट्रेसमी' ला 'हो' ठेवा. एमडीसीफिल्टरला तीच किल्ली, तीच किंमत आणि ऑनमॅच अॅक्सेप्ट द्या. टर्बोफिल्टरने अॅक्सेप्ट म्हटलं की लॉगरची पातळी तपासलीच जात नाही, त्यामुळे त्या रिक्वेस्टपुरतं सगळं उघडतं.

सांभाळायच्या गोष्टी: एमडीसी फायनलीमध्ये रिकामं करा, नाहीतर तोच थ्रेड पुढच्या ग्राहकाला गेला की त्याचाही डीबग सुरू. एसिंक कामं दुसऱ्या थ्रेडवर जातात तिथे एमडीसी आपोआप जात नाही, टास्क एक्झिक्युटरला टास्कडेकोरेटर लावून एमडीसीचा मॅप कॉपी करावा लागतो. 'सगळं उघडतं' म्हणजे लायब्ररींचा ट्रेसही, बाइंड व्हॅल्यूसकट, म्हणजे अतिशहाणी वर म्हणाल्या तो धोका पुन्हा आलाच. तो नको असेल तर डायनॅमिकथ्रेशोल्डफिल्टर घ्या, त्यात एमडीसीच्या किमतीप्रमाणे पातळी ठरवता येते. पातळी डीबगला अडवली की बाइंडचा ट्रेस येत नाही. आणि कन्सोल अपेंडरवर इन्फोचा थ्रेशोल्डफिल्टर लावलेला असेल तर हे सगळं करूनही डीबग तिथे अडणार, तो आधी काढा.

सर्व्हरमामा
ते हेडर बाहेरून येणाऱ्या रिक्वेस्टमधून गेटवेवरच काढून टाका आणि आतून टोकन बघूनच लावा. नाहीतर ज्याला हेडरचं नाव कळलं तो तुमची डिस्क भरू शकतो.